रसिकाचे ऋण

कलावंतांची वस्ती पाहावयास जाणे हा सुशिक्षित कुटुंबांच्या सुट्टीतील एक मान्य कार्यक्रम होऊन बसला आहे. देवदर्शन, समुद्रस्नान आणि गडकिल्ले ह्यांच्या जोडीस हा चौथा कार्यक्रम आला, ह्यात वाईट असे काही नाही. मुलांच्या डोळ्यांस चांगल्या वस्तू पाहण्याची सवय लागली तर ती हवीच आहे. परंतु आपण तेथे नेमके काय पाहावयास जातो, आणि पाहून घरी परतल्यावर त्या वस्तीचे आपण काही लागतो की नाही, हा प्रश्न फारसा कोणी स्वतःस विचारीत नाही. दुकानात गेलेला मनुष्य किंमत देऊन मोकळा होतो, देवळात गेलेला नमस्कार करून मोकळा होतो. कलावंतांच्या आळीत गेलेला मनुष्य कशाने मोकळा होतो? वाहवा केल्याने? की तो मुळी मोकळा होतच नाही? ह्या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

त्यासाठी फार दूर जावयास नको. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मनुष्यास अशा दोन वस्त्या हाताशी आहेत. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचेत बसले तर सुमारे तासाभरात गेटवे ऑफ इंडियापाशी उतरता येते, आणि तेथून थोडे चालले की मुंबईचा काळा घोडा लागतो. किनाऱ्यावरून उलट दिशेस, आत जमिनीकडे वळले तर भोगावती नदीच्या काठी पेण लागते. एका वस्तीत कला पाहावयास मांडलेली असते. दुसरीत ती पोटासाठी केली जात असते. दोन्ही ठिकाणी पाहुणा जातो. पण दोन्ही ठिकाणी त्याचे नाते एकच नसते, आणि त्या फरकातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते.

काळ्या घोड्याचा वृत्तांत वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून ह्यांनी शहरास दिला आणि तो १८७९ साली तेथे उभा राहिला. लोकांनी स्वाराचे नाव टाकले आणि घोड्याचे ठेविले. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी वस्तीचे नाव काही गेले नाही. १९५२ साली तेथे जहांगीर कलादालन उघडले. पलीकडे वस्तुसंग्रहालय, अलीकडे डेव्हिड ससून ग्रंथालय, आणि जहांगीरच्या बाहेरील पदपथावर आपली चित्रे मांडून बसणारे चित्रकार, असा तो सारा परिसर हळूहळू चित्रकलेच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९८ साली तेथे एक संस्था निघाली. तिने १९९९ पासून दरसाल फेब्रुवारीच्या सुमारास कलामहोत्सव भरविण्यास आरंभ केला. आणि २०१७ साली चौकात एक नवा घोडा उभा करण्यात आला, पण ह्या घोड्यावर स्वार नाही. अशा वस्तीत पाहुणा हा यजमानच असतो म्हणा ना. त्याच्याचसाठी भिंतीवर दिवे लावलेले असतात, त्याच्याचसाठी चित्राखाली चिठ्ठी असते. चित्र काढताना चित्रकाराचा हात कोठे अडखळला, रंगाचे पैसे त्याने कोठून आणिले, हे त्यास दिसत नाही आणि दिसावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. तेथे शांतपणे पाहणे, समजून घेणे आणि ऐपत असेल तर विकत घेणे, एवढ्याने पाहुण्याचे काम बहुतांशी भागते.

पेणची गोष्ट वेगळी आहे. पेण हे मिठागरांचे, पोह्यांचे आणि पापडांचे गाव म्हणूनही प्रसिद्ध आहे. परंतु महाराष्ट्राच्या घराघरांत त्याचे नाव पोहोचले ते गणपतीच्या मूर्तींमुळे. ह्या धंद्याच्या आरंभाशी भिकाजीपंत देवधर ह्यांचे नाव जोडले जाते. १८९३ नंतर गणेशोत्सवास जे सार्वजनिक रूप आले त्याने मूर्तींची मागणी वाढली, मुंबई जवळ होती, आणि घरगुती हौसेचे एका गावाच्या उद्योगात रूपांतर झाले. आज कुंभार आळी, कासार आळी, परीट आळी अशा जुन्या आळ्यांतून हिंडावे, तर घराच्या ओसरीपासून परसापर्यंत मूर्तीच मूर्ती मांडलेल्या दिसतात. आणि गावाबाहेर हमरापूर, जोहे ह्या खेड्यांत तर मांडवच्या मांडव त्यांनी भरलेले असतात. भाद्रपद जवळ आला म्हणजे हे काम सुरू होते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी फाल्गुन-चैत्रात तेथे जावे. परदेशी, म्हणजे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणी जावयाच्या मूर्ती बोटीने जातात आणि वाटेत बरेच दिवस मोडतात. म्हणून त्या चतुर्थीच्या कित्येक महिने आधीच पेट्यांत बंद झालेल्या असतात. बाहेरगावचे लोक रंग न दिलेल्या, म्हणजे कच्च्या मूर्ती घेऊन जातात आणि आपल्या गावी त्या रंगवितात. सारांश, ह्या गावाचे पंचांग एका सणाचे असले तरी कष्ट बारा महिन्यांचे आहेत.

कारखान्यात गेले म्हणजे प्रथम दृष्टीस पडते ती पांढरी गर्दी. साच्यातून निघालेल्या मूर्ती रांगेने वाळत असतात. कोणी हात जोडीत असते, कोणी सोंडेचा सांधा बुजवीत असते, कोणी कागदाने घासून अंग गुळगुळीत करीत असते. मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पीतांबर आणि शेला, मग दागिन्यांची सोनेरी. आणि सर्वांच्या शेवटी आखणी. आखणी म्हणजे डोळे काढणे. पेणच्या मूर्तीचे नाव जे आहे ते मुख्यतः ह्या आखणीमुळे. बारीक कुंचल्याच्या एका ओढीत पापणी येते, दुसरीत बुबुळ येते, आणि इतका वेळ जी वस्तू होती ती आपल्याकडे पाहू लागते. आखणी करणारा हात कारखान्यात सर्वांत जपलेला असतो. रंगकामात स्त्रियांचा वाटाही फार मोठा आहे. घरचे काम उरकून दुपारी रंगास बसलेल्या बायका ह्या आळ्यांतून सर्रास दिसतात.

येथे एखादा चोखंदळ वाचक विचारील, की साच्यातून काढलेल्या शेकडो सारख्या मूर्तींस कला म्हणावयाचे कशास? ही शंका जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी कारागीर खालचा व कलावंत वरचा अशी एक समजूत आहे. मूळ मूर्ती, जिच्यावरून साचा घेतात, ती कोणीतरी हातानेच घडविलेली असते, हे एक उत्तर झाले. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचे उत्तर दुसरे वाटते. विनोबा भावे ह्यांचा जन्म १८९५ साली ह्याच पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. गीतेचे विवरण करिताना त्यांनी कर्म आणि विकर्म ह्यांतील भेद उलगडून दाखविला आहे: बाहेरची कृती ते कर्म, आणि तिच्यात ओतलेले चित्त ते विकर्म, दोन्ही एकत्र आली म्हणजे कर्माचा भार नाहीसा होतो. पुनरावृत्तीने काम कलेपासून दूर जात नाही. चित्त निघून गेल्याने जाते. हजारावा डोळा आखताना ज्याचा श्वास पहिल्या डोळ्याप्रमाणेच थांबतो तो मनुष्य कलावंत होय, मग त्याची मूर्ती साच्यातून निघालेली का असेना. तेव्हा पेणच्या आळीस कलावंतांची आळी म्हणण्यास आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाही.

आता पाहुण्याकडे वळू. तो हिंडतो, थक्क होतो, मुलांस दाखवितो, छायाचित्रे काढितो आणि बहुधा एक मूर्ती ठरवून येतो. ठरविताना तो काय पाहतो? मूर्ती मोठी दिसावी, पण उचलावयास हलकी असावी. रंग झगझगीत असावा. कोठेही ओरखडा किंवा असमानपणा नसावा. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी आणिली होती तिच्याहून ती कमी नसावी. आणि किंमत मात्र बेताची असावी. ह्या प्रत्येक इच्छेत वेगवेगळे पाहिले तर दोष काढण्याजोगे काही नाही. पण ह्या साऱ्या इच्छा एकत्र केल्या म्हणजे त्यांतून एक पदार्थ आपोआप निष्पन्न होतो, आणि त्याचे नाव प्लास्टर ऑफ पॅरिस.

पूर्वीची मूर्ती शाडूची असे. शाडू ही काही पेणची माती नव्हे. ती गुजरातेतून येते. ती मळावी लागते, साच्यात दाबून भरावी लागते, आणि सावलीत सावकाश वाळवावी लागते. घाईने उन्हात ठेविली तर तडा जातो, आणि कोकणातील आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत तर ती वाळता वाळत नाही. मूर्ती जड होते, वाहतुकीत कान-सोंड दुखावतात. प्लास्टरचे सगळे उलट आहे. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे दीडशे अंश उष्णतेवर भाजला म्हणजे त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तीत पुन्हा पाणी घातले की ती अर्ध्या तासाच्या आत घट्ट दगडासारखी होते. रबरी साच्यात हे कालवण ओतावे, बळकटीस काथ्या घालावा, आणि थोड्याच वेळात पोकळ, हलकी, रेखीव मूर्ती काढून घ्यावी. पावसाळा तिला अडवीत नाही, ट्रक तिला मोडीत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पदार्थ ह्या धंद्यात शिरला आणि त्याने धंदा कितीतरी पटींनी वाढविला. हजारो कुटुंबांस त्याने काम दिले आणि ज्या घरांस पूर्वी चार बोटांची मूर्ती पुरवून घ्यावी लागे तेथे हातभर मूर्ती आली. हे उपकार नाकारून पुढचा विचार करणे अन्यायाचे होईल.

पण जो गुण बनविताना उपयोगी पडतो तोच विसर्जनाच्या वेळी आडवा येतो. शाडूची मूर्ती पाण्यात ठेविली तर काही तासांत तिचा चिखल होतो. प्लास्टर एकदा पाण्याशी संयोग पावून घट्ट झाले म्हणजे पुन्हा सहजी विरघळत नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या चौपाट्यांवर भरतीने परत आणून टाकलेले हात, मुकुट आणि सोंडा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हे शास्त्र शिकविण्याची गरज नाही. भरीस भर म्हणून रंगांतील विषारी धातू पाण्यात उतरतात. आणि हे पाणी कोणाचे? भोगावतीचे पाणी धरमतरच्या खाडीस मिळते, ती खाडी रेवसापाशी मुंबईच्या आखातात उघडते. अर्थात् पेणहून मुंबईस गेलेली मूर्ती दहा दिवसांनी ज्या समुद्रात उतरते तो पेणच्याच खाडीचा शेजार होय. तेथील कोळ्याच्या जाळ्याशी आणि मिठागराच्या पाण्याशी तिचा संबंध संपलेला नसतो.

ह्या गोष्टीची सरकारी दखलही घेतली गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक नियम केले आणि मे २०२० मध्ये ते सुधारून प्लास्टरच्या मूर्तींस मनाई सांगितली. ती मनाई कित्येक वर्षे कागदावर राहिली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अमलात आणण्याची ताकीद दिली, तेव्हा पेणच्या कारखान्यांत एकच घबराट झाली. कारण मूर्ती तयार होऊन रांगेने उभ्या होत्या आणि कर्जाचे हप्ते थांबणारे नव्हते. पुढे जून महिन्यात न्यायालयाने मूर्ती करण्यास व विकण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करण्यास दिली नाही. आणि जुलैमध्ये, सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जन कराव्या, अशी मार्च २०२६ पर्यंतची व्यवस्था सांगितली. ह्या साऱ्या वादात एका बाजूस पाणी उभे होते आणि दुसऱ्या बाजूस पोट. वृत्तपत्रांतून मूर्तिकारांची बाजू आली, पर्यावरणवाद्यांची आली, मंडळांची आली, सरकारची आली. एक पक्ष मात्र कोठेच हजर नव्हता, आणि त्यास कोणी बोलावलेही नाही. तो पक्ष म्हणजे मूर्ती घरी नेणारा गृहस्थ.

आमच्या मते मुख्य नैतिक प्रश्न येथेच आहे. एखाद्या कलेने अनिष्ट वळण घेतले तर त्याचा जबाबदार कोण? करणारा, की घेणारा? आपल्याकडे कला आणि नीती ह्यांच्या संबंधाचा वाद मोठ्या हिरिरीने होऊन गेला आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, ह्या प्रश्नावर फडके आणि खांडेकर ह्यांच्या नावांनी दोन तट पडले होते. पण त्या वादात जाब विचारला गेला तो मुख्यतः लेखकाला. वाचकाला किंवा रसिकाला फारसा नव्हे. जणू रसिक हा निव्वळ ओंजळ पुढे करून उभा असलेला निरपराध प्राणी! वस्तुतः आमच्या जुन्या साहित्यशास्त्राने रसिकास इतके स्वस्तात सोडलेले नाही. अभिनवगुप्ताने रसाची सिद्धी सहृदयाच्या अंतःकरणात मानिली. म्हणजे कलेचे फळ रसिकाशिवाय पिकतच नाही. जो फळाचा वाटेकरी तो दोषाचाही वाटेकरी व्हावयास नको काय? रस आमच्या हृदयात सिद्ध व्हावा आणि गाळ मात्र कारागिराच्या माथी यावा, ही वाटणी न्यायाची दिसत नाही.

इंग्लंडात रस्किनने हा मुद्दा फार परखडपणे मांडिला होता. 'व्हेनिसचे पाषाण' ह्या ग्रंथाच्या १८५३ साली निघालेल्या भागात त्याने काचेचे मणी करणाऱ्या मजुरांचे उदाहरण घेतले आहे. दिवसभर काचेच्या कांबींचे तुकडे पाडून त्यांचे हात थरथरू लागतात, त्या कामात बुद्धीस कोठेही वाव नसतो. आणि ते मणी हौसेने घेणारी स्त्री, नकळत का होईना, गुलामांच्या व्यापारास हातभार लाविते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून त्याने नियम सांगितले ते कारखानदारास नव्हेत, तर गिऱ्हाइकास: ज्या अनावश्यक वस्तूत करणाऱ्याच्या कल्पकतेस जागा नाही ती घेऊ नये; निव्वळ गुळगुळीतपणासाठी गुळगुळीतपणा मागू नये; नकलेस उत्तेजन देऊ नये. ह्याच रस्किनच्या दुसऱ्या एका पुस्तकाने १९०४ साली गांधीजींचे आयुष्य पालटले, हे सर्वश्रुत आहे. रस्किनची सगळीच मते मान्य करण्याचे कारण नाही. पण खरेदी ही केवळ व्यवहाराची बाब नसून नीतीचीही आहे, हे त्याचे म्हणणे खोडून काढणे आम्हांस तरी शक्य झालेले नाही. गुळगुळीत, झगझगीत आणि हलकी मूर्ती मागणाऱ्याने प्लास्टरचे नाव तोंडातून काढलेले नसते हे खरे; पण दुसरे काही निष्पन्न व्हावे अशी जागाच त्याने ठेविलेली नसते.

ह्यावर आक्षेप येतील ते सोडवून पुढे जावयास हवे. पहिला आक्षेप असा, की एका गिऱ्हाइकाने शाडू घेतल्याने समुद्राचे काय बिघडते-सुधारते? ह्यास उत्तर पेणच्या आळीतच आहे. ही सारी आळी कोणा राजाच्या आज्ञेने वसली नाही. एकेका घराने एकेक मूर्ती नेली, त्यातून ती वसली. जे एकेकाच्या मागणीने उभे राहिले ते एकेकाच्या मागणीनेच वळेल; दुसऱ्या कोणत्या उपायाने वळविले तर ते मोडण्याचाच संभव अधिक. दुसरा आक्षेप गरिबांच्या वतीने घेतला जातो. शाडूची मूर्ती महाग पडते, तेव्हा गरिबाने काय करावे? गरिबास उपदेश करण्याचा आमचा मानस नाही. ऋण ऐपतीच्या मानाने असते. परंतु हा आक्षेप घेणारे गृहस्थ पुष्कळदा स्वतः गरीब नसतात. सजावटीवर आणि दिव्यांवर त्यांनी केलेला खर्च मूर्तीच्या किमतीहून मोठा असतो. वीतभर शाडूच्या मूर्तीने ज्यांचे व्रत उणे पडेल असे शास्त्रात कोठे सांगितले आहे? उलट ह्या पूजेस पार्थिव गणेशाचे पूजन म्हणतात, आणि पार्थिव ह्याचा अर्थ मातीचा. जिप्समही जमिनीतूनच निघते असा शब्दच्छल कोणी करील. पण जी माती मातीत परत जात नाही तिला पार्थिव म्हणणे हा त्या शब्दावर जुलूमच होय.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शाडू तरी निर्दोष आहे काय? ती दुरून खणून आणावी लागते, आणि सगळ्यांनी मोठमोठ्या मूर्ती शाडूच्या केल्या तर तिचाही गाळ नदी-तळ्यांत साचेलच. हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच पदार्थ बदलला की पाप संपले, असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न मुळात आकाराचा आणि आकांक्षेचा आहे. मूर्ती लहान असावी, घरच्या बादलीत विसर्जन होण्याजोगी असावी, आणि तिची माती पुढे तुळशीच्या कुंडीत जावी. एवढे झाले तर शाडू की आणखी कोणती माती हा वाद पुष्कळसा मिटतो. अवाढव्य मूर्ती शाडूची करून समुद्राचे भले होईल असे मानणे म्हणजे उपवासाच्या पदार्थांनी पोट फुगेपर्यंत जेवण्यासारखे आहे.

आता मूर्तिकाराच्या अंगाने पाहू, कारण ऋण फेडावयाचे ते त्याचे. तो काही हट्टाने प्लास्टर वापरीत नाही. शाडूचे काम करणारे कारखाने पेणमध्ये आजही आहेत, आणि ज्यांच्या हातात हे कौशल्य आहे त्यांस ते सोडावयाची इच्छा नसते. पण शाडूस वेळ हवा. ज्येष्ठात येऊन श्रावणात मूर्ती मागणारे गिऱ्हाईक त्यास प्लास्टरकडेच लोटते. माघ-फाल्गुनात येऊन मागणी नोंदविणारे आणि थोडी रक्कम आगाऊ ठेवणारे गिऱ्हाईक त्यास पावसाळ्यापूर्वी मूर्ती घडवून वाळविण्याची सवड देते. म्हणजे येथे नीती शेवटी कॅलेंडरावर येऊन ठेपते! मोठ्या तत्त्वांचे असेच असते. ती कधी आगाऊ रकमेच्या, कधी मूर्ती मांडीवर घेऊन बसण्याच्या, कधी कानाच्या पाळीवरील बोटाचा ठसा खपवून घेण्याच्या रूपाने पुढे येतात. तो ठसा हा दोष नव्हे. ती वस्तू मनुष्याने केली ह्याची ती साक्ष आहे, आणि तिच्याविषयी घासाघीस करणाऱ्याने कलेची वाहवा करावयाचे सोडून द्यावे हे बरे.

कलावंतांची वस्ती पाहावयास जाण्याचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसतो. शहरातील दुकानात मांडलेली मूर्ती आपल्यास काहीच सांगत नाही. तिचे पूर्वचरित्र पुसलेले असते. आळीत गेले म्हणजे ते चरित्र डोळ्यांसमोर उलगडते: कोणाच्या बोटांस रंग चढला, कोणाच्या नाकातोंडात पांढरी धूळ गेली, कोणत्या मूर्तीस किती दिवस लागले. हे पाहिल्यानंतर आपल्या इच्छेचा परिणाम आपणास ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय उरत नाही. ज्ञान हे नेहमीच थोडे गैरसोयीचे असते. काळ्या घोड्याच्या दालनात गेलेल्या पाहुण्यासही ही दृष्टी सोबत नेता येईल. चित्राच्या चौकटीमागे एक खोली आहे, एक भाडे आहे, एक न विकलेल्या चित्रांचा ढीग आहे, हे त्यास आठवेल. महोत्सवाच्या गर्दीत चित्रासमोर उभे राहून स्वतःचेच छायाचित्र काढून घेणे आणि रिकाम्या दुपारी पदपथावरील चित्रकारापाशी थांबून चित्र पाहणे, ह्यांत पहिल्याने वस्तीची कीर्ती वाढते आणि दुसऱ्याने ती वस्ती जगते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे, की कलावंतांच्या आळीतून मनुष्य मोकळा होऊन बाहेर पडत नाही. देव, ऋषी आणि पितर ह्यांचे ऋण घेऊन मनुष्य जन्मास येतो असे आपले पूर्वज मानीत. त्यात ज्यांच्या हातांनी आपले सण सुंदर झाले त्यांच्याही ऋणाची भर घालावयास हरकत नसावी. हे ऋण स्तुतीने फिटत नाही, आणि केवळ किमतीनेही फिटत नाही. कारण वाईट मागणीची चोख किंमत दिली तरी मागणी वाईटच राहते. ते फिटावयाचे तर चांगले मागण्यास शिकले पाहिजे: जे करताना करणाऱ्याचा हात आणि चित्त दोन्ही जागी राहतील, आणि जे सोडून देताना दुसऱ्या कोणाच्या पाण्यावर बोजा पडणार नाही, असे मागण्यास. न्यायालये मनाई करू शकतात, तलाव खणवू शकतात. गृहस्थाने काय मागावे हे ती ठरवू शकत नाहीत. ते ठरविण्याची जागा घर हीच आहे, आणि वेळ भाद्रपदातील नव्हे. येत्या माघात ज्या घरी पुढील चतुर्थीच्या मूर्तीची बोलणी निघतील, तेथे मूर्ती केवढी आणावी ह्याच्या आधी ती कशाची आणावी आणि कोणाच्या हातची आणावी, हे दोन प्रश्न विचारले जावोत, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.